बुधवारची गच्ची

बुधवारी आम्ही गच्चीवर जेवायचो, कारण खाली बांगडा चालत नव्हता. एवढ्याशा गोष्टीवर एका पोरीचा आवाज टिकून आहे, असं तेव्हा कुणी मला सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, जा रे, पाणी पी आणि शांत बस.

आमची संस्था साकीनाक्याला, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीच्या तिसऱ्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात दिवसभर पत्रा कापायचं मशीन किंचाळायचं आणि वर आम्ही मुलांचे कान तपासायचो. ही जागा कुणाच्या सुपीक डोक्यातून आली देव जाणे. काम मात्र चांगलं होतं. ज्या शाळांना स्वतःचे तज्ज्ञ ठेवता येत नाहीत त्यांना आम्ही माणसं पुरवायचो. तीन विभाग होते. कान विभाग ऐकणं तपासायचा आणि मशीन बसवायचा, बोली विभाग बोलायला शिकवायचा, आणि शाळा विभाग वर्गात मुलाच्या शेजारी बसून अभ्यास करून घ्यायचा. मी बोली विभागात. ज्यांना कमी ऐकू येतं अशा मुलांच्या तोंडून शब्द काढायचे, यातच माझं अर्धं आयुष्य गेलंय.

ऑफिसातले निम्मे लोक शाकाहारी. फार पूर्वी कुणीतरी डब्यात सुकट आणली आणि त्यावरून असं रामायण झालं, की दोन बायका वर्षभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. तेव्हापासून कुणीही न ठरवता ठरून गेलं: बुधवारी मासेवाल्यांनी आपले डबे घेऊन गच्चीवर जायचं, वास वरच्या वर सोडून यायचा, आणि खाली आलं की हात लिंबाने धुवायचे. पाण्याच्या टाकीच्या सावलीत जुना फ्लेक्स अंथरून आम्ही मांडी घालायचो. मी होते, शाळा विभागातल्या दोघी होत्या, गाडीचा ड्रायव्हर होता, आणि कान विभागातला आमचा साचेवाला. तो मालवणचा, माझ्याच वयाचा, तोंडाने फटकळ आणि हाताने हळुवार.

साचा म्हणजे काय ते सांगते. कानामागच्या मशीनचा आवाज नळीतून कानात जातो, आणि ती नळी कानात घट्ट बसावी म्हणून प्रत्येक मुलाच्या कानाचं माप घेऊन मऊ साचा करतात. लहान मुलाचा कान वाढतो. कान वाढला की साचा सैल, साचा सैल झाला की मशीन शिट्टी मारायला लागतं. शिट्टी वाजली की आजूबाजूचे वैतागतात, मूल मशीन काढून ठेवतं, आणि मग हळूहळू शिकलेलं बोलणंही जातं. म्हणजे सगळं त्या साच्यावर.

तर गच्चीवर काय व्हायचं? मी सोलकढीचा घोट घेता घेता म्हणायची, "अरे, माझ्या मनोरीच्या पोरीचं मशीन परत वाजायला लागलंय." साचेवाला काटा काढत म्हणायचा, "वाढता गो चेडू. मंगळवारी जाशील तेव्हा माका घेऊन जा." शाळावाली म्हणायची, मग मी पण येते, वर्गशिक्षिकेशी बोलायचंय. झालं. ना मीटिंग, ना मेल. बांगडा संपायच्या आत तीन विभागांचं काम जुळलेलं असायचं.

ती मनोरीची पोर माझी फार लाडकी. खोटं कशाला बोलू, शिक्षिकेने असं करू नये, पण होती. कोळ्याची मुलगी, सहा वर्षांची, कपाळावर केसांची झुलपं आणि नजर अशी की समोरच्याच्या तोंडातून शब्द ओढून काढील. बाप होडीवर, आई मालाडच्या बाजारात मासळी विकायला. दर मंगळवारी मी मार्वेला होडीत बसून खाडीपलीकडे मनोरीला उतरायची आणि गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात तिला घेऊन बसायची. आम्ही शिकलो ते सगळं मासळीवर. ओठांवर दिसणारी अक्षरं आधी येतात ना, म्हणून आधी बोंबील, मग पापलेट, मग मांदेली. तिने तिचा पंजा माझ्या गळ्यावर ठेवायचा, मी "बोंबील" म्हणायचं, गळ्यातली थरथर तिच्या हाताला कळायची. मग तोच हात तिने स्वतःच्या गळ्यावर ठेवून तशीच थरथर काढायची. गळ्यावर हात ठेवला की आता बोलायचंय, हे तिच्या अंगात मुरलं होतं. घरीसुद्धा म्हणे आई गप्प बसली की जाऊन तिच्या गळ्यावर हात ठेवायची, बोल म्हणून.

सगळ्यात अवघड "स". तो ओठांवर दिसत नाही, गळ्यात थरथरत नाही, आणि कमी ऐकणाऱ्याच्या कानाला तर तो जवळजवळ नसतोच. सुरमई, सुरमई, सुरमई करत आम्ही पावसाळा काढला. ती म्हणायची "उरमई". मी तिच्या हाताच्या पाठीवर फुंकर घालून दाखवायची, बघ, अशी हवा. आणि नवरात्रात एका मंगळवारी तिने माझ्या हातावर फुंकर घातली आणि म्हणाली, "सुरमई." स्वच्छ. मी व्हरांड्यात उभी राहून टाळ्या पिटल्या. गच्चीवर दुसऱ्या दिवशी साचेवाल्याने त्याच्या डब्यातली सुरमईची मोठी तुकडी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाला, "घे, तुझा बक्षीस."

यात एक अट होती, ती सांगायला हवी. गावातल्या शाळेने त्या पोरीला घेतलं होतं ते या बोलीवर की संस्थेचं माणूस दर आठवड्याला येईल आणि पोर हळूहळू वर्गात बोलायला लागेल. नाही जमलं, तर तिला लांब वसतिगृहाच्या मूकबधिर शाळेत पाठवावं लागेल. त्या शाळा वाईट नसतात, तिथे शिकून मोठी झालेली मुलं मी पाहिली आहेत. पण ही सहा वर्षांची होती, आईच्या कुशीत झोपणारी, आणि तिला ऐकू येत होतं, बोलता येत होतं. नीट बसणारा साचा आणि दर मंगळवार, एवढंच तिला हवं होतं.

आणि मग आमच्या मॅडमना समन्वयाचा झटका आला.

मॅडम म्हणजे संस्थेच्या संचालक. बाई वाईट नाहीत, हे मी आजही म्हणते, आणि म्हणूनच जास्त राग येतो. कुठल्याशा परिषदेत त्यांनी ऐकलं की संस्थांमध्ये एका विभागाला दुसऱ्याचा पत्ता नसतो आणि त्यात मुलांचं नुकसान होतं. त्यांनी एक सल्लागार बोलावला. मुलगा हुशार होता, गोड बोलायचा, शाकाहारी होता आणि सगळ्यांना "जी" लावायचा. त्याने तिन्ही विभागांना एकत्र बसवून विचारलं, "तुम्ही इतर विभागांशी कुठे आणि केव्हा बोलता?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात टेबलाखाली साचेवाल्याने माझा पाय दाबला. "गप रव गो," तो पुटपुटला, "आता सांगलंस तर उद्या गच्चीक कुलूप पडतला." त्याचं काही चूक नव्हतं. गच्चीवर जेवायला लेखी परवानगी कुठे होती? सुकटीच्या भांडणानंतर इतकी वर्षं आम्ही जपत आलो ते याच हिशेबाने, की ज्यांना चालत नाही त्यांच्या समोर विषयच काढायचा नाही. शाळा विभागातल्या दोघींनी माना हलवल्या, नाही, असं खास कुठे बोलणं होत नाही. ड्रायव्हरला तर कुणी विचारलंच नाही.

मग एका शनिवारी त्या मुलाने पडद्यावर चित्र दाखवलं. तीन चौकोन, कान, बोली, शाळा, आणि मधे कोरं. एकही रेघ नाही. "ही आपली आजची परिस्थिती," तो म्हणाला, आणि मॅडमनी डोळे मिटून अशी मान हलवली, जणू घरात कुणी गेलंय. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं आम्ही एकमेकांच्या मुलांसाठी धावलो आणि मधे कोरं? मी उभी राहिले आणि बोलून टाकलं. "कोरं काय कोरं! बुधवारी गच्चीवर बसून आम्ही सगळं ठरवतो. मासे खाता खाता. तुम्ही कधी वर आलात का?"

साचेवाल्याने कपाळावर हात मारला. मला वाटलं आता मॅडम चिडणार. पण त्यांचा चेहरा उजळला. "अहो, किती सुंदर!" त्या म्हणाल्या. "म्हणजे एकत्र जेवणातून समन्वय होतो. मग हे लपूनछपून कशाला? आपण सगळेच एकत्र जेवू या ना!"

झालं. वाट लागली. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवाळी झाल्यावर नवी रचना आली. मधल्या भिंती पाडून मोठं जेवणघर केलं, लांब टेबलं, भिंतीवर हसऱ्या मुलांची चित्रं. बुधवारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं, आणि सगळ्यांना चालावं म्हणून अर्थातच शाकाहारी. टेबलावर कोण कुठे बसणार ते चिठ्ठ्या काढून ठरायचं, म्हणजे ओळखी वाढतील. जेवताना मुलांविषयी बोलायचं नाही, त्यांच्या खासगी गोष्टी चारचौघांत नकोत. मग बोलायचं काय? तर छंदांविषयी. मी हिशेब विभागातल्या एका सज्जन गृहस्थांच्या शेजारी बसून त्यांच्या कुंड्यांविषयी ऐकलं. गच्चीला कुलूप लागलंच, सुरक्षिततेसाठी. साचेवाला बटाट्याची भाजी चिवडत माझ्याकडे बघायचा, काही बोलायचा नाही. तो बोलला असता, शिव्या घातल्या असत्या, तरी मला चाललं असतं.

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी गत. आणि हे तर नुसतं जेवणाचं. कामाचं पुढे ऐका. तीन विभाग मोडले आणि चार गट केले: अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर. प्रत्येक गटात कानवाला एक, बोलीवाली एक, शाळावाली एक. कागदावर झकास. पण साचे करणारा माणूस अख्ख्या संस्थेत एक, तो चार ठिकाणी कसा बसणार? त्याला मुलुंडला टाकला, कारण तिथे खोली रिकामी होती. मी बोरीवलीत राहते, म्हणून मला घाटकोपर दिलं. का म्हणून विचारलं तर म्हणे, घराजवळच्या भागात माणूस जुन्याच ओळखींनी काम करतो, नवी नजर येत नाही.

आणि मनोरी? मनोरी तालुक्याने बोरीवलीत. पण तिथे जायचं तर मालाडहून मार्वे आणि मार्वेहून होडी, आणि मालाड अंधेरी गटात. बोरीवली गट म्हणाला, होडी अंधेरीच्या हद्दीतून सुटते, ते बघतील. अंधेरी गट म्हणाला, गाव बोरीवलीचं आहे, ते बघतील. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, असं आमची आई म्हणायची, तेच झालं. पण मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी दर बुधवारी बोरीवली गटाच्या समन्वयकाला गाठून विचारायची, "अरे, मनोरीला कोण जातंय?" नवीन पोरगा, गळ्यात ओळखपत्र, मोबाइलवरून डोकं न उचलता म्हणायचा, "प्रोसेसमध्ये आहे मॅम, डोन्ट वरी." मी म्हटलं, मी जाते की, माझ्या सुट्टीच्या दिवशी जाते. तर वरून निरोप आला, दुसऱ्या गटाच्या कामात ढवळाढवळ करू नये, त्याने समन्वय बिघडतो.

कुणी म्हणेल, त्या आईने फोन का नाही केला? केला ना. आमचे नंबर संस्थेच्या सिमकार्डावर होते. नव्या रचनेत ती सगळी कार्डं जमा केली आणि पालकांसाठी एकच मदत क्रमांक ठेवला.

शिमगा जवळ आला होता तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी मी बोरीवलीच्या मासळी बाजारात गेले. नेहमीच्या जागेवर कोळंबी घेतली, पुढे सरकले, आणि एका टोपलीमागून माझ्याकडे रोखून बघणारी बाई दिसली. मनोरीच्या पोरीची आई. ती मालाडला बसणारी, त्या दिवशी जावेची जागा धरून इथे बसली होती. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलेच, "अगं, कशी आहे माझी पोर?"

तिने मासळीवर पाणी मारलं. वर बघितलं नाही. "तुमी यायचं सोरलंत, मंग इचारता कशाला?"

मी म्हटलं, दुसरं कुणी येतं ना? बोरीवलीचे लोक येतात ना?

"कोन नाय येत बाय. दिवाली झाली तवापासून कोन नाय." मग ती बोलायला लागली आणि थांबेना. मशीन शिट्टी मारायला लागलं. वर्गात बाईंचं डोकं उठायला लागलं, त्यांनी सांगितलं मशीन घरी ठेवून या. घरी घातलं तर पोरच काढून टाकायची. "फोन केला तुमाला. तं ती आतली बाई बोलते, मराठीसाठी एक दाबा. दाबला. मंग बोलते दोन दाबा. दाबला. मंग गानं लागतं. मी मासली सोरून गानं ऐकत बसू? किती दाबू मी बाय?" ती आता रडत होती आणि ओल्या हाताने डोळे पुसता येत नव्हते म्हणून खांद्याला पुसत होती. "मशीन डब्यात ठेवलंय. शालेतून बोलवलंवतं. जूनपासून वसतीच्या शालेत पाठवा बोलले. तिचा बाप हो बोलून आला."

मी तिथे बाजारात उभी होते, हातात कोळंबीची पिशवी. मी म्हटलं, "मी येते." तिने मान वळवून दुसऱ्या गिऱ्हाइकाला पापलेट दाखवलं.

सोमवारी मी घाटकोपरला गेलेच नाही. सरळ साकीनाक्याला, मॅडमच्या खोलीत. मी काय बोलले ते सगळं मला आठवत नाही, मोठ्याने बोलले एवढं खरं, कारण बाहेरची टायपिंगची खटखट बंद झाली. मॅडमनी संगणक माझ्याकडे वळवला. "हे बघा, मनोरी हिरवं आहे. म्हणजे काम चालू आहे किंवा पूर्ण झालंय."

"हिरवं?" मी म्हटलं. "पोर मुकी होतेय आणि तुमच्याकडे हिरवं?"

त्यांनी बोरीवलीच्या पोऱ्याला फोन लावला, मग अंधेरीला. दोघांनीही आपापल्या बाजूने ते काम दुसऱ्याकडे सोपवून बंद केलेलं. बंद झालं की हिरवं. मॅडमचा चेहरा उतरला, हे मी पाहिलं. त्या म्हणाल्या, "हा अपवाद आहे हो. नवी घडी बसायला वेळ लागतो. मी पुढच्या बैठकीत दोन्ही गटांना एकत्र बसवते."

"मॅडम, तिचा कान बैठकीसाठी थांबत नाही," मी म्हटलं. "तुम्ही मला परत मंगळवार द्या. बाकी काही नको. घाटकोपर करते, मुलुंड करते, सांगाल ते करते. मंगळवार द्या." मी हात जोडले. आयुष्यात मी बॉससमोर कधी हात जोडले नव्हते, माझा बाप गिरणीच्या संपात पोट मारून राहिला पण जोडले नाहीत त्याने. मी जोडले. त्या म्हणाल्या, "एकीला दिलं तर सगळे मागतील. मग रचनेला अर्थ काय?"

मी तशीच उठून मुलुंडला गेले. साचेवाला खोलीत एकटा बसून एका साच्याला पॉलिश करत होता. मी सगळं सांगितलं. त्याने हातातला साचा खाली ठेवला. मग म्हणाला, "माका एक कोण तरी सांगूक होया होता गो. एक माणूस. मी इथे आसय, हात आसत, सामान आसा. साचो सैल झालो, ह्या माका सांगणारा कोण नाय." आणि मग त्याने त्या रचनेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ते ऐकून मला जरा बरं वाटलं.

त्या रविवारी आम्ही दोघं आपापल्या खिशाने मार्वेला गेलो आणि होडीने पलीकडे उतरलो. आई बाजारात होती, घरी आजी. पोरीने मला बघितलं आणि धावत येऊन कमरेला मिठी मारली. न बोलता. साचेवाल्याने तिच्या कानात मऊ लगदा भरून माप घेतलं, तिने जराही हालचाल केली नाही, शहाणी ती. येताना होडीत तो म्हणाला, केवढो वाढलो बघ कान. मी म्हटलं, हो.

त्याच्या पुढच्या रविवारी साचा घेऊन परत गेलो. या वेळी आई मुद्दाम घरी थांबली होती. ओटीवर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, खाली चटई टाकली. साचेवाल्याने साचा बसवला, नळी जोडली, मशीन चालू केलं. शिट्टी नाही. एकदम गच्च बसला. मी तिच्या पाठीमागे जाऊन बसले, तोंडासमोर हात धरला, म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि हळू म्हटलं, "बोंबील."

ती वळली. वर वलांडीकडे बोट दाखवलं आणि हसली. ऐकू येत होतं! देवा शप्पथ सांगते, मला हुंदका आला. साचेवाला आईला म्हणाला, "बघ गो, आयकता चेडू." अजून सगळं हातचं गेलेलं नाही, असं मला वाटलं. जूनला अवकाश होता. मी शाळेत जाऊन बसेन, बापाच्या पाया पडेन.

मी पुढे येऊन तिच्यासमोर बसले. "सुरमई," मी म्हटलं. "तू म्हण."

तिने तोंड उघडलं. ओठ हलले. बरोबर हलले, दात जवळ आले, हवा सोडल्यासारखा चेहरा केला, शेवटी ओठ ताणले. सुरमई. पण आवाज नाही. काहीच नाही. मी परत म्हटलं, तिने परत ओठ हलवले. मी तिच्या गळ्यावर बोटं ठेवली. गळा अगदी स्वस्थ होता.

मी आईकडे बघितलं. ती खाली बघत होती.

"मी सांगितलं तिला," ती म्हणाली. "मशीन नव्हतं तं आवाज कसापन यायचा तिचा. मोटा, घोगरा. शालेत पोरं हसायची, चिरवायची, रस्त्यात पन. रोज रडत यायची. मी बोलले, आवाज काडू नको बाय, नुसती ओट हलव. मी समजून घेईन." मग तिने माझ्याकडे बघितलं. "मना काय ठावं, तुमी परत येनार ते? कोनी सांगितलं मना?"

तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. साचेवाला उठून बाहेर गेला आणि पाठमोरा उभा राहिला.

"आता तं मशीन लागलं," आई म्हणाली. "आता तुमी बोलवाल ना तिला? मंगलवारी येनार?"

मंगळवारी मी घाटकोपरला असणार होते. साचेवाला मुलुंडला. रविवारी तिची आई बाजारात, आणि आठवड्याचा एक चोरलेला दिवस सहा वर्षांच्या पोरीच्या आवाजाला पुरत नाही, हे मला माझ्या धंद्याने शिकवलंय. नोकरी सोडून येते म्हणावं, तर माझ्या एकटीच्या शब्दावर शाळा तिला ठेवणार नव्हती, तिला संस्थेचं माणूस हवं होतं. आणि संस्थेत मनोरी हिरवं होतं. हे सगळं मी त्या बाईला कसं सांगू? मी जमिनीकडे बघत गप्प बसले.

पोर आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. मग ती उठली, माझ्या मांडीवर येऊन बसली, आणि तिने आपला पंजा माझ्या गळ्यावर ठेवला. बोल म्हणून. डोळे माझ्या ओठांवर लावून ती थांबली होती, हाताला थरथर लागायची वाट बघत. तिची आईही थांबली होती.

मी तोंड उघडलं, पण मला आवाज काढता आला नाही.